लहान मुलासोबत परदेशातले किल्ले आणि प्राचीन अवशेष: ठिकाणाच्या निवडीपासून संध्याकाळच्या तपासणीपर्यंत

पडक्या भिंतीसमोर उभं राहिलं की मोठी माणसं मनातल्या मनात तिच्यावर छप्पर चढवतात, दारं-खिडक्या बसवतात, अंगणात माणसं फिरवतात. चार वर्षांच्या मुलाला हे जमत नाही. त्याला नुसते दगड दिसतात आणि दहा मिनिटांत त्यांचा कंटाळा येतो. त्याच दगडांत शिरायला एखादा अंधारा बोळ असेल, चढायला बुरूज असेल, डोळा लावून बघायला जंगी (बाण-गोळ्या मारायचं भिंतीतलं भोक) असेल, तर तेच मूल तासभर तिथून हलत नाही. म्हणून ठिकाण निवडताना सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारा: इथे मुलाला हातापायांनी काय करता येईल? तिकीट, वेळ, सामान आणि सुरक्षितता यांची आखणी त्यानंतर.

या लेखात लहान मूल म्हणजे साधारण दोन ते आठ वर्षांचं.

ठिकाण निवडताना

ठिकाणाचा आकार, सावली आणि आत शिरता येईल अशा जागा या तीन गोष्टी बघा. नाव मोठं असलं तरी या तिन्हींत ते कमी पडत असेल, तर मूल मोठं होईपर्यंत थांबलेलं बरं.

इटलीतलं पॉम्पेई घ्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडलं गेलेलं हे शहर सुमारे ६६ हेक्टरांवर पसरलंय आणि त्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग उकरलेला आहे. रस्ते मोठमोठ्या ओबडधोबड दगडांचे, बहुतेक घरांना छप्पर नाही, सावली फार थोडी. त्याच उद्रेकात गाडलं गेलेलं हर्क्युलेनियम जवळच आहे. त्याचा उघडा केलेला भाग पॉम्पेईच्या तुलनेत अगदी छोटा. तिथे काही घरांचे वरचे मजले शाबूत आहेत, जळून कोळसा झालेली लाकडी दारं आणि तुळया जागेवर आहेत. मुलाला ‘हे घर होतं’ असं सांगावं लागत नाही, ते दिसतंच. सहा वर्षांखालच्या मुलासाठी दोन्हींतलं एकच निवडायचं असेल, तर हर्क्युलेनियम निवडा.

तरीही पॉम्पेईच बघायचं असेल, तर पियाझ्झा अँफितेआत्रोच्या बाजूने आत जा. तिथे आधी अँफिथिएटर (लंबगोल उघडं प्रेक्षागृह) आणि शेजारचं मोठं मोकळं मैदान लागतं. सगळ्यांना चालायला सोपा म्हणून बांधलेला सपाट मार्गही याच बाजूने सुरू होतो. अँफिथिएटर, रस्त्याकडेचं गरम खाण्याचं दुकान, दळायची दगडी जाती असलेली बेकरी आणि रस्ता ओलांडायचे उंच दगड एवढंच ठरवून जा, पूर्ण शहर बघायचा हट्ट नको.

वेल्समध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तेराव्या शतकाच्या शेवटी बांधलेले किल्ले एकमेकांपासून फार लांब नाहीत, पण मुलांच्या दृष्टीने त्यांत बराच फरक आहे. कॉन्वी १२८३ ते १२८७ या काळात उभा राहिला. आठ उंच बुरूज, चक्री जिने आणि वर अरुंद फांजी (तटावरून चालायची वाट) असलेला हा किल्ला सहा-सात वर्षांच्या मुलाला फार आवडेल, पण तीन वर्षांच्या मुलाच्या पालकांची तिथे दमछाक होईल. बोमारिसचं काम १२९५ मध्ये सुरू झालं आणि कधीच पूर्ण झालं नाही, त्यामुळे तिथले बुरूज ठरवलेल्या उंचीपर्यंत गेलेच नाहीत. जमीन सपाट, भोवती पाण्याचा खंदक, मध्ये हिरवळीचं मोठं अंगण आणि भिंतींच्या पोटातून जाणारे बोळ. तीन ते पाच वर्षांच्या मुलासाठी याहून चांगला किल्ला सापडणं कठीण.

फ्रान्समधल्या कारकासोनच्या जुन्या नगरीला तटबंदीचे दोन वेढे आहेत. त्या दोन भिंतींमधली मोकळी पट्टी आणि आतल्या गल्ल्या विनातिकीट फिरता येतात, तिकीट लागतं ते बालेकिल्ला आणि तटावरच्या फेरीला. मूल दमलेलं किंवा चिडलेलं असेल, तर तिकिटाचा भाग गाळूनही दुपार छान जाते. फ्रान्समध्येच बर्गंडीत गेदेलाँ नावाची जागा आहे. तिथे १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीने नवा किल्ला बांधणं चालू आहे. दगड घडवणारे पाथरवट, लोहार, माणसाने आत चालून फिरवायचं चाक लावलेली यारी (क्रेन) हे सगळं समोर चालू असतं. अवशेष बघायला जाण्याआधी इथे एक दिवस घालवता आला, तर पुढच्या प्रत्येक पडक्या किल्ल्यात मुलाला अर्ध्या गोष्टी आपोआप ओळखू येतात.

बव्हेरियातला नॉयश्वानस्टाइन किल्ला पुस्तकातल्या चित्रासारखा दिसतो म्हणून पालकांच्या यादीत सगळ्यात वर असतो. पण तो मुळात १८६९ नंतर बांधलेला राजवाडा आहे. आत फक्त मार्गदर्शकाबरोबर, ठरलेल्या वेळी, गटासोबत जाता येतं. कशाला हात लावायचा नाही, मागे रेंगाळायचं नाही आणि जिने बरेच. पाच वर्षांखालच्या मुलाला तो बाहेरून दाखवा, तेवढ्याने त्याचं समाधान होतं.

जपानमधल्या हिमेजी किल्ल्यात आत शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात आणि वरचे लाकडी जिने शिडीसारखे उभे आहेत. एका हातात बुटांची पिशवी आणि दुसऱ्या हातात मूल घेऊन ते चढता येत नाहीत. दोन मोठी माणसं असतील तरच वरच्या मजल्यांपर्यंत जा.

दिवसाला एकच ठिकाण. सकाळी किल्ला आणि दुपारी दुसरे अवशेष अशी जोडी कागदावर छान दिसते, पण दुसऱ्या ठिकाणी मूल काहीच बघत नाही.

तिकिटं आणि दारावरचे नियम

मुलाला प्रवेश फुकट असला म्हणजे तिकीट लागत नाही असं नाही. रोमच्या कलोसियममध्ये १८ वर्षांखालच्यांना पैसे पडत नाहीत, पण वेळ ठरवलेलं त्यांचं शून्य किमतीचं तिकीट आरक्षित करावंच लागतं. पालकांची तिकिटं काढून मुलाचं विसरलेली कुटुंबं दारात अडकतात. पॉम्पेईने २०२४ च्या अखेरीपासून दिवसाला २०,००० लोकांची मर्यादा घातली आहे आणि तिकिटावर नाव असतं. कंबोडियातल्या अंकोरच्या प्राचीन मंदिरांना १२ वर्षांखालच्यांना पास लागत नाही, पण वय दाखवायला पासपोर्ट लागतो. जॉर्डनमधल्या पेट्रा या प्राचीन नगरीलाही १२ वर्षांखाली प्रवेश मोफत आहे.

इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी स्थळांवर सगळ्यांनाच मोफत प्रवेश असतो. त्या दिवशी लहान मुलाला नेऊ नका. वाचलेल्या पैशांच्या बदल्यात रांग आणि गर्दीच वाट्याला येते.

वयाचे आणि सामानाचे नियम तिकीट काढायच्या आधी वाचा. अंकोर वाटच्या सगळ्यात वरच्या बाकान नावाच्या भागात १२ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, कारण तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत. म्हणजे दोन पालकांनी आळीपाळीने वर जायचं आणि एकाने खालच्या ओवऱ्यांतली कोरीव चित्रं मुलासोबत बघायची, हे आधीच ठरवलेलं बरं. अंकोरमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. पेरूतल्या माचू पिच्चूच्या अवशेषांत बाबागाडी चालत नाही आणि स्वच्छतागृह प्रवेशद्वाराच्या बाहेरच आहे, आत नाही. नॉयश्वानस्टाइनमध्ये बाबागाडी आणि पाठीवरचा चौकटीचा कॅरियर आत नेता येत नाही. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर बाबागाडीचा उपयोगच नाही, तिथला संगमरवर माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेला आहे.

अवशेषांमध्ये बाबागाडी सहसा गैरसोयीचीच ठरते. साडेतीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी कापडी, चौकट नसलेला कॅरियर घ्या, तो बहुतेक ठिकाणी चालतो आणि रिकामा असताना घडी होऊन पिशवीत मावतो.

ब्रिटनमध्ये तीन-चार किल्ले बघणार असाल, तर पासचा हिशेब करा. इंग्लंडमध्ये इंग्लिश हेरिटेज ही संस्था परदेशी पाहुण्यांसाठी ९ आणि १६ दिवसांचे पास देते, वेल्समध्ये काडू ही संस्था पास देते. लहान मुलाबरोबर पासचा खरा फायदा पैशांपेक्षा वेगळा आहे. पाऊस आला किंवा मूल रडायला लागलं, तर अर्ध्या तासात बाहेर पडायला मन कचरत नाही आणि दुसऱ्या दिवशी परत येता येतं.

आधीचा आठवडा

मुलाला इतिहास शिकवून नेऊ नका, इमारत शिकवून न्या. अख्ख्या किल्ल्याचं मोठं चित्र काढा किंवा दाखवा. खंदक, पूल, दरवाजा, बुरूज, फांजी, विहीर, मुदपाकखाना आणि शौचकूप एवढे भाग पुरे. मग त्याच चित्राच्या काही भागांवर कागद ठेवून झाका आणि सांगा, की आपण जाऊ तेव्हा एवढं पडलेलं असेल. ही पायरी गाळू नका. ‘किल्ला बघायला जायचंय’ ऐकलेलं मूल झेंडे आणि राजा यांची वाट बघत असतं आणि दारात शिरल्यावर त्याचा हिरमोड होतो. काय तुटलंय हे आधी कळलेलं असलं, की ते तुटलेलं शोधायला लागतं.

त्याच आठवड्यात घरातल्या जिन्यावर दोन गोष्टींचा सराव करा: भिंतीकडचा हात भिंतीवर ठेवून चढणं आणि ‘थांब’ म्हटलं की ज्या पायरीवर असू तिथेच उभं राहणं. जिना नसेल तर फुटपाथच्या कडेला करा. धावत असलेलं मूल एका शब्दावर थांबतं याची खात्री नसेल, तर उघड्या तटावर त्याला मोकळं सोडता येत नाही.

पिशवीत काय असावं

तीन-चार तासांसाठी मुलाचं पाणी किमान पाऊण लीटर, मोठ्या माणसाचं एक ते दीड लीटर. उन्हाळ्यात याहून जास्त. मुलाची बाटली वेगळी ठेवा म्हणजे किती प्यायलं ते दिसतं. कोरडा खाऊ आणि ओलं फळ दोन्ही घ्या, पण खायची जागा बघून ठेवा, कारण बऱ्याच स्थळांच्या आत खायला मनाई असते.

मुलाच्या स्वतःच्या हातात मावेल अशी छोटी टॉर्च हवीच. अंधाऱ्या खोलीत शिरायला घाबरणारं मूल टॉर्च हातात आली, की पुढे होऊन शोध घेतं. रुंद काठाची आणि हनुवटीखाली बांधता येणारी टोपी घ्या, बुरुजावरच्या वाऱ्यात नुसती टोपी उडते आणि मूल तिच्यामागे धावतं. हे धावणंच धोक्याचं. बूट बंद आणि खोबणीच्या रबरी तळव्याचे हवेत, नवे कोरे नकोत. सँडल घातली, तर बारीक खडे आत जातात आणि दर पाच मिनिटांनी थांबावं लागतं.

याशिवाय कपड्यांचा एक जोड, ओले रुमाल, पट्ट्या आणि जंतुनाशक, एक पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. मनगटावर तुमचा फोन नंबर देशाच्या कोडसह लिहिलेली पट्टी.

सगळं एकाच छोट्या पाठपिशवीत बसवा. कलोसियम आणि पॉम्पेईसारख्या ठिकाणी मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत.

प्रत्यक्ष दिवस

दार उघडायच्या वेळी पोचा. गर्दी नसते, ऊन चढलेलं नसतं आणि मूल ताजं असतं. पश्चिमेकडच्या देशात गेल्यावर पहिले काही दिवस मूल पहाटेच उठून बसतं, तेव्हा या जाग्या वेळेचा फायदा घ्या आणि उघडी ठिकाणं प्रवासाच्या सुरुवातीलाच उरका. पूर्वेकडे गेल्यावर उलट होतं. मूल उशिरा उठतं, मग पहिले दोन दिवस सकाळची तिकिटं काढू नका.

दारात शिरल्याबरोबर स्वच्छतागृह, मग नकाशा. नकाशा मुलाच्या हातात द्या. त्यानंतर आधी मुलाला हवं ते, मग तुम्हाला हवं ते. बहुतेक पालक उलट करतात. महत्त्वाचं ते आधी बघून घेऊ म्हणतात आणि बुरुजाची वेळ येईपर्यंत मूल दमलेलं असतं. एकदा बुरूज चढून झाला, की तेच मूल पंधरा मिनिटं शांतपणे प्रार्थनागृह बघू देतं.

तीन वर्षांच्या मुलाला तासभर, फार तर दीड तास. सहा-सात वर्षांच्याला मध्ये खाण्याची सुट्टी धरून दोन-अडीच तास. मूल थकल्याची पहिली खूण रडणं नसते. पाय घासत चालणं आणि एकदम वेडंवाकडं धावायला लागणं या दोन खुणा आधी येतात. त्या दिसल्या, की उंचावरून खाली या.

उताराचा फायदा घ्या. तुर्कस्तानातल्या एफेसस या प्राचीन शहराला वरचं आणि खालचं अशी दोन दारं आहेत. वरच्या दाराने आत शिरलं, की सगळी वाट सेल्सस ग्रंथालयाकडे उतरत जाते. पेट्रात याच्या उलट. जाताना दरीचा अरुंद बोळ हलका उतरतो आणि येताना दमलेल्या मुलाला घेऊन तोच चढायचा असतो. प्रवेशापासून खजिना म्हणतात त्या दर्शनी इमारतीपर्यंत साधारण दोन किलोमीटर आहेत, तेवढेच परतीचे. लहान मुलाबरोबर खजिना आणि त्यापुढचं थोडं एवढंच करा. आठशेच्या वर पायऱ्या चढून जायचा मठ सोडून द्या. परतीला बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, तिचे पैसे धरून ठेवा.

जिने, कडा आणि भोकं

मुलं कुठे पडतात आणि का पडतात, हे समजून घेतलं तर अर्धी काळजी मिटते.

चक्री जिन्याची प्रत्येक पायरी मधल्या खांबाकडे निमुळती होते आणि बाहेरच्या भिंतीकडे रुंद असते. मुलाचं पाऊल नेहमी रुंद बाजूला, मोठ्या माणसाचं अरुंद बाजूला. बऱ्याचदा आधाराचा दोर मधल्या खांबाला असतो आणि त्याच्या ओढीने मूल नेमकं अरुंद बाजूला जातं. दोर तुम्ही धरा, मुलाचा हात भिंतीवर ठेवा. चढताना मोठं माणूस मुलाच्या मागे, उतरताना मुलाच्या पुढे, म्हणजे दोन्ही वेळा तुम्ही खालच्या बाजूला. पायऱ्या फार उंच असतील, तर उतरताना मुलाला बसून, एकेक पायरी घसरत येऊ द्या. कपडे मळतात, बाकी काही होत नाही.

उजेडातून जिन्यात शिरल्यावर अर्धा मिनिट थांबा. डोळे अंधाराला सरावायच्या आत टाकलेलं पहिलंच पाऊल चुकतं. शतकानुशतकांच्या वापराने पायरीच्या मध्यभागी खळगा पडलेला असतो, त्यात पावसाचं पाणी आणि शेवाळ साठतं. जिना अरुंद असेल तर शिरायच्या आधी वर आवाज द्या, मध्येच समोरून गट आला तर मुलाला घेऊन मागे उतरणं फार अवघड.

मूल पाठीवर असेल तर त्याचं डोकं तुमच्या डोक्यापेक्षा वर असतं हे विसरलं जातं. जुन्या दरवाजांच्या चौकटी ठेंगण्या असतात. तुम्ही वाकून सहज जाता आणि मुलाचं कपाळ दगडावर आपटतं. किल्ल्याच्या आत मूल पोटाशी बांधा किंवा खाली उतरवा. खांद्यावर तर बसवूच नका.

फांजीवर आतली बाजू नेहमी सुरक्षितच असेल असं गृहीत धरू नका. काही ठिकाणी बाहेरच्या बाजूला चर्या (तटाच्या माथ्यावरचे दातेरी उंचवटे) असतात आणि आतल्या बाजूला नुसता लोखंडी कठडा किंवा काहीच नाही. दोन्ही बाजू बघून ठरवा. चर्यांमधल्या खाचेचा उंबरा लहान मुलाच्या छातीइतका, कधी गुडघ्याइतकाच असतो आणि तो त्याला चढायची पायरी वाटतो. फोटोसाठी मुलाला त्या खाचेत उभं करणं किंवा बसवणं अजिबात नको. आडव्या गजांच्या कठड्यावरही मूल शिडीसारखं चढतं.

उत्खनन केलेल्या जागांचा धोका वेगळा. तिथे भिंती गुडघ्याएवढ्या दिसतात आणि मूल त्यावरून तोल सावरत चालायला लागतं. पण आतली खोली खोलवर उकरलेली असते, त्यामुळे भिंतीच्या या बाजूला फूटभर आणि पलीकडे माणूसभर खोली असू शकते. कुठल्याही भिंतीवर चढू द्यायचं नाही हा नियम दगडाच्या जपणुकीसाठी आहेच, मुलाच्या हाडांसाठीही आहे. विहिरी आणि पाण्याची टाकी यांवर जाळी असते, तिच्यावर उभं राहू देऊ नका.

प्राचीन नाट्यगृहांची दगडी बैठक मुलं भराभर चढतात, कारण हातांचा आधार मिळतो. वळून खाली बघितल्यावर मात्र घाबरून बसतात. चढायच्या आधीच ठरवा, किती ओळी वर जायचं ते.

ऊन आणि उंची

संगमरवर आणि फिकट दगड ऊन परत फेकतात, त्यामुळे टोपी असूनही चेहरा खालून भाजतो. हनुवटी, नाकाखालचा भाग आणि मान यांना सनस्क्रीन लावा आणि दोन तासांनी परत लावा. ग्रीसमध्ये अलीकडच्या कडक उन्हाळ्यात अ‍ॅक्रोपोलिस दुपारी काही तास बंद ठेवावं लागलं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचं तिकीट घेऊच नका. सकाळी टेकडी, दुपारी पायथ्याचं गार संग्रहालय. तिथे लेगोच्या ठोकळ्यांतून उभी केलेली अख्खी अ‍ॅक्रोपोलिस आहे, ती मुलाला वर बघितलेलं सगळं जोडून दाखवते.

पेरूत लोक माचू पिच्चूच्या उंचीची काळजी करतात. ती आहे सुमारे २४३० मीटर. खरा त्रास कुस्कोत होतो, कारण ते शहर सुमारे ३४०० मीटरवर आहे. विमानाने कुस्कोत उतरल्यावर तिथे मुक्काम न करता थेट खालच्या, ‘पवित्र दरी’ म्हणतात त्या खोऱ्यात जा आणि कुस्को शेवटी ठेवा. लहान मुलाला ‘डोकं दुखतंय’ सांगता येत नाही. जेवण नाकारणं, ओकारी, विनाकारण किरकिर आणि झोप न लागणं या खुणांवर लक्ष ठेवा. खुणा वाढल्या तर वाट न बघता खाली उतरा. जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

दगड वाचायला शिकवणं

आता ज्यासाठी एवढी तयारी केली ते. मुलाला सनावळ्या नकोत, पण ‘हे असं का?’ या प्रश्नाचं उत्तर त्याला फार आवडतं. मात्र उत्तर आधी सांगू नका. बोट दाखवा, विचारा आणि थांबा.

पडक्या बुरुजात वर बघा. भिंतीत अधांतरी शेकोटी दिसेल. तिथपर्यंत कोण कसं जात असेल? मग तिच्या खालच्या बाजूला ओळीने चौकोनी खाचा दाखवा. त्यांत तुळयांची टोकं बसत आणि तुळयांवर लाकडी जमीन असे. लाकूड गेलं, दगड राहिला. एका बुरुजात हे एकदा कळलं, की पुढच्या प्रत्येक बुरुजात मूल स्वतः मजले मोजतं. भिंतीत इतस्ततः दिसणारी लहान भोकं वेगळी: बांधताना गवंड्यांना उभं राहायला केलेल्या परांचीच्या लाकडांची टोकं तिथे खुपसलेली होती.

पॉम्पेईत रस्त्यात मधोमध उंच दगड का आहेत? रस्त्यावरून घाण पाणी वाहायचं, त्यात पाय न घालता ओलांडायला. मग दगडांमध्ये फटी का? गाड्यांची चाकं जायला. जवळच दगडी फरशीत चाकांच्या खोल रेषा सापडतात. मुलाला बोटाने त्यांची खोली मोजू द्या.

कलोसियमच्या दगडांना खड्डे का पडलेत? दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले होते आणि नंतरच्या काळात लोकांनी ते लोखंड उकरून नेलं.

शौचकूप हा मुलांचा सगळ्यात आवडता विषय असतो, तो टाळू नका. कॉन्वीच्या नगरतटाला बाहेर काढलेले १२ शौचकूप एका ओळीत आहेत. इंग्लंडच्या उत्तर भागात, इसवी सन १२२ मध्ये सुरू झालेल्या रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीवरच्या हाउसस्टेड्स ठाण्यात रोमन सैनिकांची सामायिक बैठक आणि पाण्याच्या पन्हळी अजून दिसतात. पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं हे शोधायला सांगा, मूल अख्ख्या ठाण्याचा उतार धुंडाळून येतं. जवळच्या विंडोलंडा संग्रहालयात उत्खननात सापडलेली रोमन पादत्राणं आहेत, त्यांत लहान मुलांचीही. आपलं पाऊल शेजारी धरून बघायला लावा. हजारो वर्षं हा आकडा मुलाला कळत नाही, पण आपल्याच मापाचा बूट कळतो.

ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या नाट्यगृहात एका पालकाने मुलासोबत वरच्या ओळीत बसायचं आणि दुसऱ्याने खाली मधोमध उभं राहून नाणं पाडायचं किंवा कागद फाडायचा. तो बारीक आवाज वरपर्यंत ऐकू येतो का ते बघायचं. सकाळी गर्दी नसताना हा प्रयोग करा. नंतर मुलाला खाली जाऊन बोलू द्या.

वहीत एका ठिकाणचं एकच चित्र काढायचं, पूर्ण इमारत नको. एक जंगी, एक पायरी, एक तोफ.

आवाजाची कल्पना आधी द्या. एडिनबरा किल्ल्यावर रविवार सोडून बहुतेक दिवस दुपारी एकला तोफ उडते. ती ऐकायला मुद्दाम जाणार असाल, तर कानांवर हात कसे धरायचे ते दाखवा आणि तोफेपासून लांब उभे राहा.

अवघड प्रश्न

पॉम्पेईत माणसांच्या शरीरांचे प्लास्टर साचे आहेत. १८६३ मध्ये जुझेप्पे फियोरेल्लीने शरीरं कुजून राखेत उरलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून ते काढले. पाच वर्षांखालच्या मुलाला ते दाखवायची गरज नाही, वाट बदला. सहा-सात वर्षांच्या मुलाने विचारलं, तर खरं सांगा: ही माणसं डोंगरातून आलेल्या राखेत आणि गरम वाफेत मरण पावली, हे त्यांच्या आकाराचे साचे आहेत. ‘झोपलेत’ म्हणू नका. मुलं त्या रात्री झोपायला घाबरतात. तुरुंग आणि छळाच्या साधनांची दालनं बऱ्याच किल्ल्यांत पर्यटकांसाठी मांडलेली असतात. ती सरळ वगळा, त्यात मुलाने शिकण्यासारखं काही नाही.

दगड, खापराचा तुकडा, मोझेकचा सुटा चौकोन यांतलं काहीही खिशात येता कामा नये. इटली, ग्रीस आणि तुर्कस्तानात पुरातन वस्तू नेणं गुन्हा आहे आणि मुलाने उचललं हे कारण विमानतळावर चालत नाही. बाहेर पडण्यापूर्वी मुलाचे खिसे त्याच्यासोबतच रिकामे करा. हवं तर तुकडा वहीत चित्राने ‘नेऊ’ द्या.

मूल दिसेनासं झालं तर

शिरताना सगळ्यांचा एक फोटो काढा, म्हणजे त्या दिवसाचे कपडे फोनमध्ये राहतात. मोठ्यांनी एकमेकांना भेटायची एक ठळक जागा ठरवा, शक्यतो मुख्य दरवाजा, आणि मुलाला सांगा: मी दिसलो नाही किंवा दिसले नाही तर जिथे आहेस तिथेच थांब, मोठ्याने नाव घे. चक्रव्यूहासारख्या बोळांत शोधणारे आणि हरवलेलं मूल दोघंही फिरत राहिले, तर एकमेकांना चुकवतात. तिथल्या कर्मचाऱ्यांचा गणवेश शिरतानाच दाखवा. मूल सापडत नसेल तर आधी उंच जागा, पाणी आणि बाहेरचं दार तपासा, बाकीचं नंतर. एक पालक दारात उभा राहील आणि दुसरा शोधेल.

संध्याकाळी

मुक्कामावर पोचल्यावर बूट-मोजे काढून टाचा आणि बोटांमधली जागा बघा. फोड दिसला तर फोडू नका, पट्टी लावा आणि दुसरा दिवस बसून बघायच्या ठिकाणी घालवा.

युरोपात हिरवळीवरच्या किल्ल्यांत किंवा जंगलातल्या अवशेषांत दिवस गेला असेल, तर आंघोळीच्या वेळी गोचीड तपासा. गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कानांमागे आणि केसांच्या मुळाशी. ती खसखशीच्या दाण्याएवढीही असते. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेला अगदी लागून धरा आणि सावकाश सरळ वर ओढा. तेल लावू नका, चटका देऊ नका, पिळू नका. जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल डाग दिसला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना ती तारीख आणि ठिकाण दोन्ही सांगा.